ताण बसलेल्या शोभिवंत झुडपांची पुनर्वाढ

पाण्याअभावी सुकलेल्या आणि पाने गाळलेल्या बागेतील झुडपांना पुन्हा पालवी फुटून ती टिकेपर्यंत सांभाळण्याची, सोलापूर भागासाठीची पद्धत. सोलापूर पर्जन्यछायेत आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंश से.च्या पुढे जातो आणि वर्षातला सर्वाधिक पाऊस बहुधा सप्टेंबरमध्ये पडतो. जून-जुलै कोरडे गेले की उन्हाळ्यात बसलेला ताण ऑगस्टपर्यंत लांबतो. शहराच्या अनेक भागांत नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते. त्यामुळे जास्वंद, तगर, कामिनी, एक्झोरा, क्रोटन यांसारख्या झुडपांवर दर उन्हाळ्यात ही वेळ येऊ शकते. ताण हा शब्द जिल्ह्यातील डाळिंब बागायतदारांना चांगला परिचित आहे. बहार धरण्यासाठी ते झाडाला मुद्दाम ताण देतात, पण तो मोजून दिलेला असतो आणि ताण तोडतानाही पाणी बेताने सुरू करतात. अंगणातल्या झुडपालाही हाच बेत लागतो.

पाणी कमी पडले की झुडूप आधी पानांवरची रंध्रे (सूक्ष्म छिद्रे) मिटते, मग पाने गाळते. पानगळ हा त्याचा बचाव असतो. खरे नुकसान जमिनीखाली होते. पाणी शोषणारी केसासारखी बारीक मुळे आधी मरतात. काळ्या मातीत भर पडते ती भेगांची. माती आकसताना ही मुळे ताणून तुटतात. पाणी सुरू केले त्या दिवशी झुडपाजवळ ते पिण्यासाठी फारशी मुळेच उरलेली नसतात. ताणातून तगलेली कितीतरी झुडपे नंतरच्या घाईने जातात, ती याचमुळे.

उपचारापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, सकाळची स्थिती. दुपारी माना टाकलेली पाने सूर्योदयाच्या वेळी ताठ दिसली तर ताण हलका आहे. सकाळीही लोंबत असतील तर तो खोल आहे. माती ओली असून पाने लोंबत असतील तर मुळे कुजत असल्याची शंका घ्यावी व पाणी थांबवावे. दुसरी, फांदी जिवंत आहे का. नखाने साल किंचित खरवडावी. आत हिरवा, ओलसर थर दिसला तर फांदीत जीव आहे. तपकिरी, कोरडा दिसला तर त्याच फांदीवर खाली खाली खरवडत बुंध्यापर्यंत जावे. शेंडे वाळून बुंधा हिरवा असणे ही जास्वंदीत नेहमीची अवस्था आहे आणि तिच्यातून झुडूप सावरते.

पाणी देणे हा या कामाचा गाभा. भेगाळलेल्या काळ्या मातीत एकदम दोन बादल्या ओतल्या तर पाणी भेगांतून सरळ खाली निघून जाते आणि मुळांभोवतीचे ढेकूळ कोरडेच राहते. म्हणून आधी भेगांत बारीक माती व कुजलेले शेणखत निम्मे-निम्मे मिसळून भरावे. खुरप्याने वरचा २ ते ३ सेंमी. थर हलकासा मोकळा करावा, त्याहून खोल जाऊ नये. आळे बुंध्याला लागून न करता फांद्यांच्या घेराखाली करावे. मीटरभर उंचीच्या झुडपाला संध्याकाळी ४ ते ५ लिटर पाणी झारीने द्यावे, अर्ध्या तासाने पुन्हा तेवढेच आणि मग तिसऱ्यांदा. दुसऱ्या दिवशी लोखंडी सळई खुपसून पाहावी. ती ३० सेंमी.पर्यंत सहज गेली तर ओल पोचली. पुढचे पाणी वाफसा आल्यावरच, म्हणजे माती चिकट न राहता नुसती ओलसर झाल्यावर. काळ्या मातीत उन्हाळ्यात हे अंतर साधारण ४ ते ५ दिवसांचे पडते. मुरमाची भर घातलेल्या प्लॉटवर पाणी झिरपून जाते, तिथे निम्मे पाणी दर दोन दिवसांनी द्यावे. ठिबक असल्यास ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर बुंध्याच्या दोन बाजूंना, ३० सेंमी. अंतरावर ठेवून दीड तास चालवावेत. कुंडीतला कोकोपीट एकदा पूर्ण सुकला की आकसतो आणि पाणी कडेने वाहून जाते. अशी कुंडी पाण्याच्या टबात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवून मग निथळू द्यावी.

पाण्यानंतर लगेच आच्छादन करावे. उसाचे पाचट इथे सहज मिळते. त्याचा ५ ते ७ सेंमी. थर पुरे, मात्र बुंध्याभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी, नाहीतर साल कुजते आणि वाळवी चढते. पाने गळून उघड्या पडलेल्या फांद्यांची साल उन्हाने भाजते. त्यासाठी पश्चिमेकडून ५० टक्के शेडनेट बांधावे.

पहिले तीन-चार आठवडे रासायनिक खत देऊ नये. खतातले क्षार मातीतील ओल धरून ठेवतात आणि उरल्यासुरल्या मुळांना पाणी घेणे आणखी अवघड होते. जोरकस छाटणीही टाळावी. फांद्यांत साठवलेल्या अन्नावरच नवी मुळे फुटणार असतात, शिवाय कोणती फांदी मेली हे फुटवा येईपर्यंत नक्की कळत नाही. नव्या पानांच्या दोन-तीन जोड्या पूर्ण उघडल्या की मेलेले लाकूड हिरव्या सालीपर्यंत कापावे आणि किलोभर गांडूळखत आळ्यात मिसळावे. कण्हेर कापताना हातमोजे घालावेत, तिचा चीक विषारी असतो. बोगनवेलीला पालवी आल्यावर पाणी मुद्दाम कमी करावे. भरपूर पाण्यावर ती पानेच वाढवते, फुलत नाही.

सावरण्याच्या काळात लाल कोळी ही रस शोषणारी बारीक कीड हटकून येते. पाने फिकट, धुळकट दिसतात आणि पाठीमागे बारीक जाळे असते. सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारणे हा पहिला उपाय. भर उन्हाळ्यात गंधकाची फवारणी करू नये, पाने करपतात. दुसरी अडचण पिवळेपणाची. सोलापूरच्या चुनखडीयुक्त जमिनीत, त्यात बोअरचे जड पाणी, एक्झोरा आणि जास्वंदीची कोवळी पाने पिवळी पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही पाण्याची कमतरता नसून लोहाची असते. पाणी वाढवल्याने ती बळावते. चुनखडीच्या जमिनीत चालणारे चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेले लोह) पाकिटावरील प्रमाणात मुळांशी द्यावे.

पहिला दमदार पाऊस झाला की आळ्याला एका बाजूने वाट करून द्यावी. फुगलेल्या काळ्या मातीत साचलेले पाणी नवी मुळे दोन-तीन दिवसांत गुदमरवते. सप्टेंबरअखेरपर्यंत बुंध्यातून फुटवा आला नाही आणि साल तळापर्यंत तपकिरी असेल, तर झुडूप मुळासकट काढावे. खड्ड्यात वाळवी नाही याची खात्री करून ऑक्टोबरमध्ये तिथे नवे रोप लावता येते.