पुरलेला वायू उसळून वर येतो का?

‘कार्बन डायऑक्साइड जमिनीत पुरणं म्हणजे सोड्याची बाटली गाडणं, कधीतरी बूच उडणारच,’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. तापमानवाढ रोखायला हा वायू हवेत न सोडता खोल खडकात पुरतात, त्यामुळे शंका रास्त आहे. पण बेसाल्टमध्ये (लाव्हा थिजून झालेला काळा खडक; सह्याद्रीचा पाषाण तोच) हा वायू फार काळ वायू राहत नाही. पाण्यात विरघळून तो सौम्य आम्ल होतो, खडकातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम सोडवतो आणि त्यांच्याशी जुळून कार्बोनेट, म्हणजे चक्क दगड बनतो. आइसलंडमध्ये २०१२ साली केलेल्या प्रयोगात ९५ टक्क्यांहून अधिक वायूचा दोन वर्षांत दगड झाला. (पाणी मात्र भरपूर लागतं; खरी अडचण ती.)

पडताळायचंय? सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक सापडतात. थोडी पूड करून तिच्यावर व्हिनेगर टाका. फसफसली तर कॅल्साइट: बुडबुड्यांतून सुटतोय तो दगडात कोंडलेला कार्बन डायऑक्साइडच. नुसतं पाणी ओतून पाहा, काही होत नाही.