जुने डबल-होज रेग्युलेटर आणि नव्याने बनवलेले पार्ट: हा वाद आला कुठून

सील न फोडलेलं जुनं पाकीट, वर कंपनीचा शिक्का, आत रबरी डकबिल. डकबिल म्हणजे डबल-होज रेग्युलेटरमधली (टाकीतली हवा श्वासाला योग्य दाबाने देणाऱ्या, दोन नळ्यांच्या यंत्रातली) बदकाच्या चोचीसारखी चपटी झडप, सोडलेला श्वास बाहेर जाऊ देते आणि पाणी आत येऊ देत नाही. असं एक पाकीट मी मोठ्या आनंदात फोडलं होतं, कारण विकणारा छातीठोकपणे सांगत होता की पार्ट एकदम ओरिजिनल आहे, आणि तो होताच, त्यात काही खोटं नव्हतं. फक्त चोचीचे दोन्ही ओठ एकमेकांना चिकटून बसले होते आणि नखाने सोडवायला गेलो तर एका कोपऱ्यातून टर्रकन चीर गेली. टेबलावर गेली म्हणून ठीक, पाण्याखाली गेली असती तर उच्छ्वासाच्या नळीतून पाणी थेट तोंडाकडे.

तेव्हा विंटेज स्कूबावाल्यांमध्ये, म्हणजे हौसेने जुनंच साहित्य घेऊन पाण्याखाली जाणाऱ्यांमध्ये, जो कायमचा वाद चालतो, की ओरिजिनल पार्ट चांगला की नव्याने बनवलेला, त्यात मला प्रश्नच चुकलेला वाटतो. पण तो प्रश्न पडतो का, ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

1942 ची अखेर, जर्मनांच्या ताब्यातला फ्रान्स. पेट्रोल मिळत नाही म्हणून गाड्या गॅसवर चालवायच्या, आणि त्यासाठी एअर लिक्विड कंपनीतल्या एमिल गान्यान या इंजिनिअरने एक छोटा रेग्युलेटर केलेला. नौदलातला अधिकारी जाक-इव्ह कुस्तो त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, हेच पाण्याखाली श्वास घ्यायला चालेल का. मागितली की हवा देणारा रेग्युलेटर ही कल्पना तशी जुनीच, 1860 च्या दशकात रूकेरोल आणि देनेरूझ यांनी तसं यंत्र केलं होतं, पण त्या काळातल्या टाक्यांत फार दाबाची हवा मावत नसे, त्यामुळे ते बहुतेक वरून नळी लावूनच वापरायचे.

कुस्तो-गान्यानची पहिली चाचणी पॅरिसजवळ मार्न नदीत झाली, ऐन थंडीत, आणि ती फसली. आडवं पोहताना ठीक, उभं राहिलं की हवा वाया जायची, डोकं खाली केलं की श्वास ओढता ओढता जीव जायचा. कारण शोधलं तर अगदी साधं निघालं, श्वास ओढला की आत ओढला जाऊन हवेची झडप उघडणारा रबरी पडदा एका पातळीवर आणि उच्छ्वासाचं तोंड वेगळ्याच पातळीवर. पाण्याचा दाब खोलीनुसार बदलतो, त्यामुळे दहा-पंधरा सेंटिमीटरचा फरकसुद्धा जाणवतो. उपाय असा की उच्छ्वासाची नळी परत मागे आणायची आणि झडप पडद्याच्या अगदी शेजारी बसवायची. 1943 च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर ते यंत्र नीट चाललं.

हे एवढं लांबण लावून सांगतोय कारण डबल-होजला दोन नळ्या का असतात याचं उत्तर इथेच आहे, आणि डकबिलला एवढी किंमत का याचंही. डकबिल ही नुसती झडप नाही, ती रेग्युलेटरच्या डब्यात नेमक्या जागी असणं हाच मुळात शोध होता. नवीन डकबिल बनवणाऱ्याने लांबी थोडी जास्त ठेवली किंवा रबर जरा कडक घेतलं तर ते लीक होणार नाही, दिसायलाही छान दिसेल, पण उच्छ्वास जड होईल किंवा ठराविक कोनात हवा आपोआप सुटत राहील, आणि माणूस उगाच स्प्रिंग आणि लिव्हरशी (पडद्याखालची, झडप उघडणारी दांडी) झटापट करत बसेल.

युद्धानंतर सीजी 45 नावाने हे यंत्र बाजारात आलं (कुस्तो, गान्यान आणि पेटंटचं वर्ष), ला स्पिरोटेक्निक ही कंपनी निघाली, आणि अमेरिकेत यूएस डायव्हर्स, इंग्लंडमध्ये सीब गोरमन, जर्मनीत ड्रेगर, स्पेनमध्ये नेमरॉड यांनीही डबल-होज काढले. 1950 चं दशक आणि 60 चा बराचसा काळ म्हणजे डबल-होजचे सोन्याचे दिवस. मिस्ट्राल, डीए अ‍ॅक्वामास्टर, रॉयल अ‍ॅक्वामास्टर, ही नावं अजूनही लोक पुटपुटतात. पण ऑस्ट्रेलियात टेड एल्ड्रेडने 1952 मध्येच पॉरपॉइस नावाचा सिंगल-होज काढला होता, दोन नळ्यांच्या रचनेवर पेटंट होतं म्हणून त्याला वेगळी वाट काढावी लागली, आणि तीच वाट पुढे हमरस्ता झाली. सिंगल-होज स्वस्त, सुटसुटीत, दुसरी स्टेज (दाब श्वासाइतका उतरवणारा शेवटचा भाग) थेट तोंडाशी. 70 च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी डबल-होज बंद केले, मग हळूहळू सुटे भागही.

आणि इथून खरी गंमत. रेग्युलेटरची बॉडी क्रोम चढवलेल्या पितळेची, ती धुऊन-पुसून ठेवली तर माणसाला पुरून उरते. रबर तसं नाही. त्या काळातलं बरंचसं रबर नैसर्गिक किंवा निओप्रीन, त्यात नैसर्गिक रबराला हवेतला ओझोन खातो, ताणलेल्या जागी आडव्या बारीक चिरा पडतात, काही पडदे दगडासारखे होतात तर काही उलटे चिकट गोळा. नळीच्या घड्या उघडून बघा, बाहेरून काळीभोर आणि घडीच्या तळाशी केसाएवढ्या भेगा. पाकिटात बंद असलं तरी हे वय थांबत नाही, फक्त सावकाश होतं. म्हणून 'न वापरलेलं जुनं' आणि 'नवीन' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि विकणारे तो सोयीस्करपणे विसरतात.

मधल्या वर्षांत लोकांनी काय काय नाही केलं. शीट कापून पडदे केले, गॅस मास्कच्या नळ्या चढवल्या, एका रेग्युलेटरचे भाग काढून दुसऱ्यात घातले. जुगाडाची परंपरा तशी जुनीच, 1950 च्या दशकात ब्रिटनमधले हौशी डायव्हर घरगुती गॅसचे कॅलर कंपनीचे रेग्युलेटर बदलून त्याचे डायव्हिंगचे करायचे. काही जण वाचले म्हणून ती परंपरा, नाहीतर तिला दुसरंच नाव पडलं असतं.

पुढे छोट्या छोट्या लोकांनी साचे करून सिलिकॉनचे भाग काढायला सुरुवात केली, पडदे, डकबिल, माउथपीस, नळ्या. सिलिकॉनला ओझोन फारसा लागत नाही, थंडीत मऊ राहतं, तोंडात रबराची ती भयाण चव येत नाही. मऊ पडद्यामुळे श्वास हलका लागतो हेही खरं. माझं स्पष्ट मत, चांगल्या हातांनी बनवलेला सिलिकॉनचा पडदा पन्नास वर्षांच्या ओरिजिनलपेक्षा कधीही बरा. पण सिलिकॉनचं एक वाईट आहे, ते फाटायला सोपं. नैसर्गिक रबर छोटा काप सहन करतं, सिलिकॉनला एकदा ओरखडा पडला की चीर पळते. त्यात नळीवर धारदार कडेचा स्टीलचा क्लॅम्प आवळला की संपलंच. पडद्याची कडा पातळ असेल आणि वर कोणी हौसेने सिलिकॉन ग्रीस फासलं असेल तर दोन डब्यांच्या चिमटीतून ती घसरते, आणि पडदा सुटला की श्वासात हवेऐवजी पाणी. शिवाय पडदा बदलला म्हणजे लिव्हरची उंची परत लावायची असते, हे अर्धे लोक करतच नाहीत आणि मग पार्टला शिव्या देतात.

हे झालं रबराचं. सीट, म्हणजे हवा अडवून धरणारी चकती, ही त्याहून गंभीर गोष्ट, आणि तिच्याबद्दल बोलणं सगळ्यात कमी होतं, कारण ती दिसत नाही. पहिल्या स्टेजमध्ये (टाकीचा दाब पहिल्यांदा उतरवणारा भाग) टाकीचा पूर्ण दाब एका इवल्याशा प्लास्टिकच्या किंवा कडक रबराच्या चकतीवर येतो, समोर पितळेची धारदार गोल कडा. हे जुने रेग्युलेटर जन्मले तेव्हाची नेहमीची स्टीलची टाकी 2250 पीएसआय (दाबाचं माप) ची, आज अ‍ॅल्युमिनियमची टाकी सर्रास 3000 ची. डीए अ‍ॅक्वामास्टरसारख्या अनबॅलन्स्ड पहिल्या स्टेजमध्ये टाकीचा दाबच सीटला कडेवर दाबून धरतो, म्हणजे टाकी जितकी भरलेली तितकी सीट जास्त दाबली जाणार. मऊ मटेरियलची सीट असेल तर तिच्यात खाच पडते, मग थेंब थेंब हवा पलीकडे झिरपते आणि मधला दाब, म्हणजे दोन स्टेजमधला, हळूहळू चढत जातो. दुसरी स्टेज डाउनस्ट्रीम, म्हणजे हवेच्या दाबाच्या दिशेने उघडणारी, असेल तर तो दाब झडप ढकलून स्वतःच बाहेर पडतो, बुडबुडे दिसतात, डायव्हर वैतागतो पण श्वास चालू राहतो. म्हणजे बिघडायचं तर हवा सुटून, बंद होऊन नाही, हे त्या जुन्या डिझाइनमधलं शहाणपण. अपस्ट्रीम झडपेत तसं होत नाही, तिथे दाब झडपेला आणखी घट्ट बसवतो, म्हणून जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह लागतोच, आणि तिथे कोणी घरगुती सीट बसवत असेल तर मी त्याच्यासोबत पाण्यात उतरणार नाही.

म्हणून मी पार्ट बघताना ओरिजिनल की नवा हे विचारत नाही, हा पार्ट बिघडला तर काय होईल हे विचारतो. माउथपीस कोणी का बनवेना. डकबिल, पडदा, नळ्या मात्र माप आणि रबराचा कडकपणा सांगणाऱ्याकडूनच. कडकपणा शोअर ए या मापाने मोजतात, जो विक्रेता तो आकडा सांगू शकत नाही त्याने बहुधा मोजलेलाच नाही. एचपी (हाय प्रेशर, पहिल्या स्टेजची) सीट आणि स्प्रिंग, इथे तर मटेरियल काय आणि कुठल्या दाबावर किती वेळ टेस्ट केलं, हे नाव घेऊन विचारायचं.

सरकारी शिक्का बघून घेऊ म्हणाल तर तोही इथे फारसा कामाचा नाही. युरोपात ईएन 250 हे रेग्युलेटरचं मानक 1993 मध्ये आलं, म्हणजे हे रेग्युलेटर बंद पडून दोन दशकं झाल्यावर. त्यात 50 मीटर खोलीइतक्या दाबावर, मिनिटाला 62.5 लिटर हवा ओढून, श्वासाला लागणारं काम लिटरमागे 3 ज्यूलच्या आत हवं. पण ही चाचणी अख्ख्या जोडलेल्या रेग्युलेटरची. कोणाच्या तरी गॅरेजमध्ये ओतलेला पडदा तुमच्या साठ वर्षांच्या डब्यात बसवल्यावर तो आकडा किती येतो, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. अमेरिकेत टाक्यांवर सरकारी नियम आहेत, हौशी डायव्हरच्या रेग्युलेटरला सरकारी प्रमाणपत्र लागतच नाही.

मधल्या काळात एक बदल मात्र खरंच कामाचा झाला. बहुतेक जुन्या बॉडीला जादा पोर्ट (नळी जोडायचं तोंड) नव्हता, प्रेशर गेज नाही, ऑक्टोपस (जादाची दुसरी स्टेज) नाही, हवा संपत आली हे कळायचं ते टाकीवरच्या 'जे-व्हॉल्व्ह'ने राखून ठेवलेल्या हवेवरून, श्वास जड झाला की दांडी खाली ओढायची. आता पोर्ट असलेल्या नव्या बॉडी मिळतात, जुन्या डब्यात बसतात, आणि त्यावर गेज लावला की सीट झिरपतेय का हे घरीच कळतं. टाकी उघडायची, दोन श्वास घ्यायचे, मधल्या दाबाचा काटा बघत दहा मिनिटं बसायचं. काटा थांबला तर ठीक, मुंगीसारखा वर सरकत राहिला तर ती सीट, नवी असो की जुनी, काढून टाकायची. पडदा आणि डकबिलसाठी त्याहून सोपं, टाकी न जोडता रेग्युलेटरच्या हवा येण्याच्या तोंडावर टोपी लावायची आणि माउथपीसमधून हवा ओढायची. जीभ लावून धरली की ओढ तशीच टिकायला पाहिजे, सैल पडत गेली तर कुठेतरी हवा येतेय. माझ्या त्या पाकिटातल्या डकबिलने अर्धा सेकंदही दम धरला नसता.