कमी मशागतीची भाजीपाला शेती (ठाणे जिल्हा)

सगळे रान नांगरून भुसभुशीत करण्याऐवजी बी किंवा रोप लावण्यापुरतीच माती हलवायची आणि आधीच्या पिकाची मुळे, धसकटे जागीच कुजू द्यायची, अशी ही पद्धत. माती मुळीच हलवली नाही तर त्या पद्धतीला शून्य मशागत म्हणतात. ठाणे जिल्ह्यात शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण या तालुक्यांत भातकापणीनंतर भेंडी, काकडी, कारली, दुधी ही पिके होतात. माल कल्याण आणि वाशीच्या बाजार समित्यांत जातो.

भाजीच्या मशागतीचा प्रश्न इथे भाजीच्या हंगामात सुरूच होत नाही. तो पावसाळ्यात, भाताच्या चिखलणीत, म्हणजे लावणीआधी खाचरात पाणी धरून मातीचा चिखल करण्यात, सुरू होतो. चिखलणीने मातीची कणरचना मोडते आणि वीतभर खाली कठीण थर बसतो. खाचरात पाणी उभे राहावे म्हणून भाताला हेच हवे असते, भेंडीच्या सोटमुळाला मात्र तो थर आडवा येतो. पाणी आटल्यावर या चिखलाची लवकरच ढेकळे होतात. मधला वाफसा, म्हणजे मशागतीजोगी बेताची ओल, थोडेच दिवस टिकतो. तो हुकला की नांगराच्या आणि रोटाव्हेटरच्या पाळ्या वाढतात, डिझेल जळते, जमिनीत आयती असलेली ओल उडून जाते. मग पहिले पाणी ती ओल भरून काढण्यातच खर्ची पडते. चिखलणी तशीच ठेवून फक्त भाजीची नांगरट वाचवायला गेलेल्याच्या हाती फारसे काही लागत नाही, ते यामुळेच.

किमान मशागत या भागाला अगदीच नवी नाही. भात निघाल्यावर अंगओलीवर, म्हणजे जमिनीत उरलेल्या ओलीवर, घेतलेल्या वालाला फारशी नांगरट लागत नाही. काकडी, शिराळी, कारली यांसाठी ठरावीक अंतरावर आळी खणून त्यात शेणखत घालतात. दोन आळ्यांमधली जमीन न खणता राहिली तरी वेलाचे काही अडत नाही. त्याला कोणी वेगळे नाव दिले नाही, एवढेच.

भात आणि भाजी दोहोंचा एकत्र विचार करणारी पद्धत शेजारच्या रायगड जिल्ह्यात, नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केली. तिला सगुणा राइस तंत्र किंवा एसआरटी म्हणतात. यात गादीवाफे एकदाच करायचे, साच्याने खुणा पाडून भात थेट टोकायचा, चिखलणी नाही आणि लावणीही नाही. कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवून त्याच वाफ्यांवर कडधान्य किंवा भाजी घेतात. कुजलेल्या मुळांच्या वाटांनी हवा-पाणी खाली उतरते आणि गांडुळांची बिळे मोडत नाहीत.

खरी अडचण तणाची. नांगर हे मुळात तण मारायचे अवजार आहे. ते बाजूला ठेवले की हराळी आणि लव्हाळा डोके वर काढतात. रोटाव्हेटरही हराळीचे तुकडे करून रानभर पसरवतो, ही गोष्ट वेगळी. पुरलेले तणबी उजेडात येत नसल्याने हंगामी तणे पुढे कमी होत जातात, बहुवार्षिक तणे मात्र तशी हटत नाहीत. म्हणून शून्य मशागतीत तणनाशकावर, विशेषतः ग्लायफोसेटवर, भर राहिला. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली आणि ते फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फत वापरावे असे ठरवले. हाताने बेणणी करायची तर मजुरी आली, आणि ठाण्यात मजुराला कारखान्याचा, गोदामाचा रोज मिळतो.

दुसरा उपाय आच्छादनाचा. पेंढा किंवा गवत अंथरले तर तण दबते, मार्च-एप्रिलच्या उन्हात माती तापत नाही, पाण्याच्या पाळ्याही लांबवता येतात. थंड देशांत आच्छादनाखालची माती वसंतात लवकर तापत नाही म्हणून शेतकरी कुरकुरतात. इथे तोच गारवा कामी येतो. पण पेंढा म्हणजे गुरांची वैरण, त्यामुळे तो रानात पसरायला मन होत नाही. कच्चा पेंढा मातीत मिसळला तर कुजताना नत्र खेचून घेतो आणि पीक पिवळे पडते. तो वरच राहिलेला बरा. प्लास्टिकच्या मल्चिंग पेपरने तण आवरते, मात्र मातीला सेंद्रिय काही मिळत नाही.

सगळ्याच भाज्यांना हे मानवत नाही. टोमॅटो, वांगी, मिरची यांची रोपे लावायची असल्याने खड्ड्यापुरती माती मोकळी केली तरी भागते. भेंडीही टोकता येते. मेथी, माठ, पालक यांच्या बारीक बियांना मात्र वरची माती मऊ आणि सपाट लागते, आणि मुळा कठीण जमिनीत फाटे फोडतो. कायम वाफ्यांचा फायदा दिसायला काही हंगाम जावे लागतात. एका हंगामाच्या खंडाने जमीन घेणारा तेवढी वाट पाहत नाही. भिवंडीच्या बाजूला तर पुढच्या वर्षी त्या रानात भरणी होऊन गोदाम उभे राहील का, हाच प्रश्न मशागतीच्या आधी येतो.