नौका क्लबचे सुरक्षानियम

नौका क्लबचे सुरक्षानियम : होड्या, वल्ही, शिडे, कयाक, मोटारबोटी आणि जीवरक्षक साधने क्लबच्या मालकीची असतात, पण ती पाण्यात नेतात सभासद. अशा वेळी होडी कोणाला, कधी, किती माणसांसाठी आणि कोणत्या तयारीनिशी द्यायची हे ठरवणारी नियमावली. तिकीट काढून बोटीत बसणारा प्रवासी वेगळा आणि सभासद वेगळा. प्रवाशाने नुसते बसायचे असते. सभासद हा प्रवासीही असतो, खलाशीही असतो आणि वर्गणी भरत असल्यामुळे थोडासा मालकही असतो. नियमावलीतली निम्मी कलमे या मालकपणाला वेसण घालण्यासाठीच असतात, कारण ‘होडी आपलीच आहे’ असे वाटणारा माणूस धक्क्यावर कोणाचे ऐकत नाही.

भारतात असे क्लब इंग्रजी अमदानीत आले. मुंबईचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा, कलकत्त्याचा रोइंग क्लब १८५८ चा. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ पासून मुळा-मुठेच्या पाण्यावर आहे, त्यामुळे मराठी घरांत ‘बोट क्लब’ म्हटले की आधी पुणे आठवते. या नोंदीतली उदाहरणे मात्र बडोद्याची आहेत. पाण्यावरचे नियम का हवेत हे या शहराला दोनदा फार महागात शिकावे लागले.

बडोद्याचे पाणी

शहराच्या मध्यभागी, मांडवी आणि दांडिया बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर, सुरसागर तलाव आहे : चारी बाजूंनी दगडी बांध, मध्ये महादेवाची उभी मूर्ती. ईशान्येला हरणीचा मोटनाथ तलाव. शहराबाहेर पूर्वेला आजव्याचे सयाजी सरोवर. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८९२ साली ते पुरे झाले आणि आजही शहराला त्याचे पाणी मिळते. आणि या सगळ्यांत वळणे घेत वाहणारी विश्वामित्री, जिच्यात मगरी राहतात. चारही पाण्यांचे स्वभाव वेगळे. बांधीव तलावात लाटा येत नाहीत, पण उभ्या दगडी कडेला बुडणाऱ्याला धरायला काही सापडत नाही. आजव्याचे पाणी विस्तीर्ण, तिथे वाऱ्याला मोकळे रान मिळते. एकच छापील नियमावली सगळीकडे चालवणाऱ्या क्लबने निदान पहिले पान तरी आपल्या पाण्याप्रमाणे नव्याने लिहावे.

११ ऑगस्ट १९९३ रोजी सुरसागरात एक बोट उलटून २२ माणसे बुडाली. वीस जणांच्या बोटीत ३८ जण बसले होते. हे प्रकरण ग्राहक न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१४ मध्ये निकाल लागला : बोटी चालवण्याचे काम कंत्राटदाराकडे दिले म्हणून महापालिकेची जबाबदारी संपत नाही. त्यानंतर दहा वर्षेही पुरी झाली नव्हती. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणीच्या तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली आणि बारा मुले व दोन शिक्षिका गेल्या. बोटीत माणसे क्षमतेपेक्षा जास्त होती आणि अनेक मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. दोन्ही घटनांमध्ये तीस वर्षांचे अंतर आहे आणि कारण एकच.

क्लबांनाही यातून काही घेण्यासारखे आहे. प्रवेशाच्या वेळी सभासदाकडून ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर पाण्यात जातो’ अशी सही घेण्याची रीत आहे. तेवढ्या कागदावर कार्यकारी मंडळाने निश्चिंत झोपू नये.

माणसे मोजणे

सगळ्या नियमांचा राजा हा : होडीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा एकही माणूस जास्त नाही. मूल मांडीवर असले तरी ते एक माणूस. आकडा होडीच्या आत, बसणाऱ्याला दिसेल असा रंगवलेला असावा. कचेरीतल्या फायलीतला आकडा धक्क्यावर कोणाच्या उपयोगाचा नाही.

जास्त माणसांनी होडी ‘जड होऊन बुडते’ अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात ती बुडण्याच्या बरीच आधी कलंडते. वजन वाढले की होडीची कड पाण्याजवळ येते, एरवी चार बोटे वर राहणारी कड एका बोटावर येते. गर्दीमुळे काही जण उभे राहतात, म्हणजे वजन खालून वर सरकते आणि होडी डुगडुगू लागते. मग कोणीतरी फोटोसाठी हाक मारतो, चार जण एका बाजूला झुकतात, त्या बाजूने थोडे पाणी आत येते. आत आलेले पाणी स्थिर राहत नाही, ते कललेल्या बाजूकडेच धावते आणि होडीला आणखी कलवते. इथून पुढे काही सेकंदांचाच अवकाश असतो, आणि घाबरून उठलेली माणसे तोही उरू देत नाहीत. म्हणून बसून राहणे, वजन मध्यरेषेवर आणि तळाशी ठेवणे, जागा बदलायची तर एकेकाने, वाकून आणि दोन्ही हातांनी कडा धरून बदलणे, ही कलमे आकड्याच्या कलमाची सख्खी भावंडे आहेत.

मोजायचे कोणी? हे काम धक्क्यावरच्या माणसाचे. क्लबांमध्ये त्याला ‘बोटमन’ म्हणतात. नियमावलीत त्याच्यासाठी एक वाक्य स्वतंत्र आणि ठळक असावे : धक्क्यावर बोटमनचा शब्द अखेरचा, समोर अध्यक्ष उभे असले तरीही. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात बोटमन पगारी नोकर असतो आणि समोरचा सभासद त्याचा पगार ठरवणाऱ्या मंडळातला असतो. ‘काका, एकच चक्कर, एकच माणूस जास्त आहे’ या वाक्याला नाही म्हणताना त्या काकांच्या पाठीशी क्लब उभा राहतो का, यावर त्या क्लबची सगळी सुरक्षितता ठरते. बोटमनला डावलून पाण्यात गेलेल्या सभासदाचे सभासदत्व काही काळ तरी खरोखर स्थगित झालेले दिसले पाहिजे. नुसत्या समजपत्रांनी धक्क्यावर काही बदलत नाही.

जाकीट

लाइफ जॅकेट होडीत असणे आणि अंगात असणे यांत जीवनमरणाचा फरक आहे. उलटलेल्या होडीखालून जाकीट शोधून, पाण्यात तरंगत ते घालणे चांगल्या पोहणाऱ्यालाही जमत नाही. म्हणून नियम असा असतो की जाकीट धक्क्यावर चढवायचे, पट्टे बांधायचे, मग होडीत पाय ठेवायचा, आणि परत धक्क्यावर आल्यावरच काढायचे. ‘मला पोहता येते’ ही सबब नाही. डोक्याला वल्हे लागलेल्या माणसाला पोहता येत नाही.

जाकिटांची ताकद न्यूटनमध्ये मोजतात. साधारण १० न्यूटन म्हणजे एक किलो वजन उचलून धरणारा जोर. कयाक किंवा शिडाची होडी चालवणाऱ्या, पोहता येणाऱ्या माणसासाठी ५० न्यूटनची ‘तरंगसाहाय्य’ जाकिटे असतात. ती हालचालीला मोकळी, पण बेशुद्ध माणसाचा चेहरा वर वळवत नाहीत. त्यासाठी १०० न्यूटन किंवा अधिक ताकदीचे, मानेमागे गादी असलेले जाकीट लागते. पोहता न येणाऱ्यांना आणि मुलांना हे चेहरा वर वळवणारेच द्यावे. माप तपासायची युक्ती सोपी : पट्टे बांधल्यावर दोन्ही खांद्यांना धरून जाकीट वर ओढायचे, ते हनुवटीवरून कानापर्यंत सरकले तर सैल आहे. मोठ्यांचे जाकीट मुलाला घातले तर पाण्यात मूल त्याच्यातून खाली निसटते. मुलांच्या जाकिटाला दोन पायांमधून घ्यायचा पट्टा याचसाठी असतो.

जाकीट म्हातारेही होते. उन्हाने कापड विरते, आतला फोम दबून पातळ होतो, कोठारातले उंदीर पट्टे कुरतडतात. वर्षातून एकदा प्रत्येक जाकीट वजन बांधून पाण्यात टाकून पाहावे आणि नापास झालेले कात्रीने कापून टाकावे. ‘असू दे, गर्दीच्या दिवशी लागेल’ म्हणून कोपऱ्यात ठेवलेले जाकीट गर्दीच्या दिवशी कोणाच्या तरी अंगात जातेच.

होडी मिळण्याआधी

बरेच क्लब नव्या सभासदाची पोहण्याची परीक्षा घेतात : अंगावरच्या कपड्यांसकट ५० मीटर पोहणे आणि काही मिनिटे जागच्या जागी तरंगणे. कपड्यांसकट हे महत्त्वाचे, कारण पाण्यात कोणी ठरवून पडत नाही. साडी, ओढणी, जाड बूट घालून वल्हवायला बसू नये, सैल टोके वल्ह्याच्या कडीत अडकतात. त्यानंतर मुद्दाम होडी उलटवून बाहेर येण्याचा सराव. तो उथळ, तपासलेल्या पाण्यात किंवा पोहण्याच्या तलावात घेतात.

प्रत्येक फेरीची नोंदवहीत नोंद होते : नाव, होडीचा क्रमांक, माणसे, निघाल्याची वेळ, परतायची वेळ. परतल्यावर सही. या शेवटच्या रकान्याची टाळाटाळ सर्वाधिक होते, आणि तोच रकाना रिकामा दिसला तर अंधार पडण्याआधी शोधाला निघता येते. दारू पिऊन होडीला हात लावायचा नाही हे कलम सगळीकडे असते. गुजरातेत १९६० पासून दारूबंदीच असल्याने बडोद्यात त्यावर कोणी चर्चा करत नाही, म्हणून ते गाळू मात्र नये.

वारा, वीज, मगर, मांजा

मोठ्या सरोवरात शिडाच्या किंवा वल्ह्याच्या होडीने जाताना आधी वाऱ्याविरुद्ध जावे. दमल्यावर परतताना वारा पाठीशी राहतो. उलट केले तर जाणे मजेत होते आणि येणे अंगावर येते. गडगडाट कानी पडला की काठ गाठायचा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात उतरायचे नाही. सपाट पाण्यावर उभी डोलकाठी सर्वांत उंच वस्तू असते.

मगर हा बडोद्याचा खास विषय. विश्वामित्रीत वल्हवण्याचा प्रश्नच येत नाही. पण पुराच्या पाण्याबरोबर मगरी नदीतून शहरात येतात, ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या वस्त्यांत शिरलेल्या सगळ्यांनी पाहिल्या. त्यामुळे पावसाळ्यानंतर वनखात्याकडून खातरजमा झाल्याशिवाय तलाव सुरू करू नये. आजव्यातही मगरी आहेत. थंडीत त्या काठावर उन्हाला पडून असतात, उन्हाळ्यात मादी अंड्यांची राखण करते आणि जवळ येऊ देत नाही. हातपाय पाण्यात सोडून बसायचे नाही, काठाच्या गवतात होडी लावायची नाही, मावळतीनंतर पाण्यात राहायचे नाही. मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, तिला वल्ह्याने हुसकावणे हा गुन्हाही आहे आणि मूर्खपणाही.

उत्तरायणाच्या दिवसांत तुटलेला मांजा पाण्यावर पडतो, मोटारीच्या पंख्यात गुंततो आणि आडवा ताणलेला असला तर बसलेल्या माणसाच्या गळ्याच्या उंचीवर येतो. त्या दोन दिवशी होड्या बांधून ठेवाव्यात, नाहीतरी सगळे गाव गच्चीवर असते. कोजागरीला उलटे : सगळ्यांना चांदण्यात पाण्यावर जायचे असते. ज्या पाण्यात मगर नाही तिथेही रात्रीच्या फेरीला चारी बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा, सोबत बचावाची होडी आणि दिवसापेक्षा कमी माणसे हवीत. मसाला दुधाचे पातेले काठावर.

होडीहोडीचे वेगळे

शर्यतीच्या अरुंद होडीत वल्हवणारा पाठीकडे जातो, म्हणून दर काही वल्ह्यांनी मान वळवून पाहणे हाच त्याचा आरसा. होडीच्या टोकावर किमान चार सेंटिमीटर व्यासाचा मऊ चेंडू असावा, आणि आत बसवलेल्या बुटांच्या टाचा आखूड दोरीने बांधलेल्या असाव्यात. टाचा मोकळ्या असतील तर होडी उलटल्यावर पाय बुटातून सुटत नाहीत. समोरासमोर आलेल्या दोन होड्यांनी आपापल्या उजवीकडे वळावे. मागून येणाऱ्याने पुढच्याला वाट द्यावी.

मोटारबोटीत चालकाच्या अंगाला अडकवायची गुंडाळीची दोरी असते. चालक पडला की ती सुटते आणि इंजिन थांबते. ती इंजिनलाच बांधून ठेवणारे चालक मी पाहिले आहेत. पेट्रोल काठावर भरावे, कारण त्याची वाफ हवेपेक्षा जड असते आणि होडीच्या तळाशी साचते. यांत्रिक बोटींची नोंदणी आणि तपासणी २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली येते. त्याने १९१७ चा जुना कायदा बदलला.

होडी उलटली तर

होडी सोडायची नाही. उलटलेली होडी बहुधा तरंगते आणि शोधणाऱ्याला माणसाच्या डोक्यापेक्षा ती लवकर दिसते. काठ जवळ दिसला तरी पाण्यावरचे अंतर डोळ्याला फसवते. जमले तर तिच्या पाठीवर चढून बसावे, आणि माणसे मोजावीत, मोठ्याने, नावे घेऊन.

काठावरच्याने लगेच उडी मारू नये. आधी वल्हे किंवा काठी पुढे करावी, नाहीतर दोर किंवा जीवरक्षक कडे फेकावे, ते जमले नाही तर होडी न्यावी. पोहत जाणे सर्वांत शेवटी, तेही शिकलेल्याने. म्हणून प्रत्येक धक्क्यावर वीसेक मीटर दोर, गुंता नसलेला आणि कुलपाबाहेर टांगलेला हवा.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, पोट दाबून पाणी काढणे हे आपल्याकडे अजून चालते. त्यात वेळ जातो आणि पोटातले पाणी फुप्फुसात उतरते. श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छातीवर दाब, आणि दोन्ही आलटून पालटून, १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत. शुद्धीवर आलेल्यालाही रुग्णालयात न्यावे, फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो. त्या दिवशी वापरलेली जाकिटे आणि होडी धुऊन परत रांगेत लावायची नाहीत. चौकशी होईपर्यंत ती जशीच्या तशी वेगळी ठेवायची आणि नोंदवहीतले पान कोणी फाडणार नाही हे पाहायचे.