जीआयएसमधील गुणधर्म तक्ते : व्यवस्थापन आणि प्रक्रिया

भौगोलिक माहिती प्रणालीत, म्हणजे जीआयएसमध्ये, नकाशावरच्या बिंदू, रेषा आणि बहुभुजांविषयीची वर्णनात्मक माहिती ज्या तक्त्यात साठवतात त्याला गुणधर्म तक्ता किंवा ॲट्रिब्यूट टेबल म्हणतात. एक ओळ म्हणजे एक भौगोलिक घटक आणि एक रकाना म्हणजे त्या घटकांचा एक गुणधर्म, अशी त्याची रचना असते. विहिरींच्या थरात (एकाच प्रकारच्या घटकांचा संच म्हणजे थर) प्रत्येक विहिरीची खोली, पाण्याची पातळी आणि मोजणीची तारीख असते. रस्त्यांच्या थरात रुंदी, पृष्ठभागाचा प्रकार आणि वेगमर्यादा. नकाशावरचे रंग, रेषांची जाडी आणि नावे बहुतेक वेळा या तक्त्यातूनच येतात. पूर्णांकी मूल्यांच्या रेस्टरलाही, म्हणजे चौकोनी पेशींच्या जाळीत साठवलेल्या नकाशालाही, असा तक्ता जोडता येतो. त्यात प्रत्येक मूल्यासाठी एक ओळ आणि त्या मूल्याच्या पेशींची संख्या असते. नकाशा चुकला तर तो बहुधा डोळ्यांना खटकतो. तक्त्यातली चूक मात्र बिनचूक दिसणाऱ्या नकाशामागे लपून राहते, म्हणून तक्त्याची निगा हा जीआयएसमधला दुय्यम भाग मानता येत नाही.

भूमिती व तक्ता यांचे नाते : आजचे बहुतेक डेटाबेस एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल प्रतिमानावर, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडता येणाऱ्या तक्त्यांत ठेवण्याच्या पद्धतीवर, उभे आहेत. मात्र नकाशातील आकार अशा तक्त्यांत सहज मावत नसत, त्यामुळे सुरुवातीच्या प्रणालींनी दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवल्या. एस्री या कंपनीने १९८२ साली आणलेल्या आर्क/इन्फोमध्ये आर्क हा भाग भूमिती, म्हणजे आकार, सांभाळत असे आणि इन्फो हा भाग तक्ते. दोघांना अंतर्गत क्रमांकाने बांधलेले असे. १९९०च्या दशकात रूढ झालेल्या शेपफाइल या फाइल-स्वरूपानेही हीच विभागणी कायम ठेवली. तिच्या एसएचपी फाइलीत आकार, एसएचएक्स फाइलीत आकारांची अनुक्रमणिका आणि डीबीएफ फाइलीत तक्ता असतो. या फाइलींना जोडणारी कोणतीही सामायिक की, म्हणजे ओळख पटवणारे मूल्य, नसते. पाचवा आकार आणि तक्त्यातली पाचवी ओळ एकमेकांची, एवढाच करार असतो. डीबीएफ फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडून नावांच्या क्रमाने लावली आणि तशीच जतन केली, तर प्रत्येक आकाराला भलत्याच घटकाची माहिती चिकटते आणि सॉफ्टवेअर त्याबद्दल काहीही तक्रार करत नाही.

डीबीएफच्या मर्यादा आजही अनेक तक्त्यांना जाचतात. रकान्याचे नाव १० अक्षरांपुरते, मजकूर २५४ पर्यंत, तारखेत वेळ नाही, आणि अंकी रकान्यात ‘माहिती नाही’ असे लिहिण्याची खात्रीशीर सोय नाही. या मोजमापांतले अक्षर म्हणजे खरे तर एक बाइट. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, तेव्हा रकान्याच्या नावासाठी जेमतेम ३ चिन्हे उरतात, आणि काना-मात्रा त्यांतच मोजायच्या.

पुढे भूमिती हीच तक्त्यातला एक रकाना झाली. २००१ साली आलेल्या पोस्टजीआयएसने पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसला भूमितीचा प्रकार दिला आणि ‘नदीपासून ५०० मीटरच्या आत असलेल्या, ३० मीटरपेक्षा खोल विहिरी’ यासारखा प्रश्न एसक्यूएल या डेटाबेसच्या प्रश्नभाषेतील एकाच क्वेरीत विचारणे सोपे झाले. २०१४ साली ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियमने मान्य केलेले जिओपॅकेज हे फाइल-स्वरूप एसक्यूलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसवर आधारलेले असून आकार, तक्ते आणि त्यांची माहिती एकाच फाइलीत ठेवते. नवे काम सुरू करताना शेपफाइल निवडण्याला आता फारसे कारण उरलेले नाही.

रकान्याचा प्रकार : रकाना तयार करतानाच तो पूर्णांक, दशांश, मजकूर की तारीख हे ठरवावे लागते. इथला साधा नियम असा : ज्याची बेरीज करण्यात अर्थ नाही ते संख्येसारखे दिसले तरी संख्या नव्हे. प्रशासकीय संकेतांक, पिनकोड, भूखंड क्रमांक हे मजकूर म्हणूनच साठवावेत. ‘००४५’ हा संकेतांक अंकी रकान्यात गेला की ‘४५’ होतो आणि मूळ संकेतांकाशी त्याची गाठ कधीच पडत नाही. स्प्रेडशीटमध्ये सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल, नुसती उघडून जतन केली तरी हे घडू शकते. मोठ्या संकेतांकांची गोष्ट आणखी फसवी आहे. ३२ बिटांच्या पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच संख्या मावते. ३२ बिटांच्या दशांश प्रकारात साधारण ७ अंकच विश्वासाचे असतात, म्हणून १० अंकी क्रमांक त्यात ठेवला तर शेवटचे अंक नकळत बदलतात.

रिकामे मूल्य आणि शून्य यांतला फरकही इथेच जपावा लागतो. पाऊस ० मिलिमीटर पडला हे मोजमाप आहे. पाऊस मोजलाच नाही हा मोजमापाचा अभाव आहे. डेटाबेसमधील नल, म्हणजे रिकामे, मूल्य सरासरीत धरले जात नाही, शून्य मात्र धरले जाते. ‘नाही’ या अर्थाने -९९९९ लिहिण्याची जुनी रीत तर बेरजेचा पार विचका करते. निर्देशांकांच्या रिकाम्या जागी शून्ये भरली तर ते सगळे बिंदू ० अक्षांश, ० रेखांशावर, आफ्रिकेच्या पश्चिमेस गिनीच्या आखातात जाऊन पडतात. हे इतक्या वेळा घडते की समुद्रातल्या त्या बिंदूला ‘नल आयलंड’ असे नावच पडले आहे.

जोडणी : बाहेरून आलेली माहिती, उदाहरणार्थ जनगणनेचे आकडे, सामायिक रकान्याच्या आधारे थराला जोडतात. हा जॉइन होय. त्यासाठीची की प्रत्येक घटकाला वेगळी आणि कायम टिकणारी हवी. सॉफ्टवेअर स्वतः देते तो ओळक्रमांक या कामाला चालत नाही, कारण थर दुसरीकडे निर्यात केला की क्रमांक नव्याने पडू शकतात. गावांची नावेही चालत नाहीत. एकाच नावाची अनेक गावे असतात, शेवटी एखादी मोकळी जागा राहून जाते, आणि देवनागरीत तर डोळ्यांना सारखा दिसणारा शब्द आतून वेगळा असू शकतो. ‘ऱ्य’ हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येते. वाचणाऱ्याला फरक दिसत नाही, पण तुलना करणारा संगणक त्यांना दोन शब्द मानतो.

जोडणीपूर्वी दोन्ही तक्त्यांतले नाते एकास एक आहे की एकास अनेक, हे पाहणे आवश्यक असते. एका तालुक्याच्या १० वर्षांच्या नोंदी १० ओळींत असतील आणि त्या सरळ बहुभुजाला जोडल्या, तर एसक्यूएलमध्ये तोच बहुभुज १० वेळा येतो आणि क्षेत्रफळाची बेरीज दसपट होते. काही सॉफ्टवेअर अशा वेळी पहिलीच जुळणारी ओळ घेऊन बाकीच्या गुपचूप सोडून देतात. जोडणीआधी आणि नंतर ओळी मोजणे, तसेच न जुळलेल्या ओळी वेगळ्या काढून पाहणे ही तपासणी म्हणूनच टाळू नये. सामायिक रकानाच नसेल तर स्थानाच्या आधारे, म्हणजे कोणता बिंदू कोणत्या बहुभुजात पडतो यावरून, स्थानाधारित जोडणी करता येते.

आकार बदलल्यावर तक्त्याचे काय होते : या विषयाचा हा सर्वांत कठीण आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. बहुभुज कापला, दोन बहुभुज एकत्र केले किंवा दोन थर एकमेकांवर ठेवून छेद काढला, की आकारांचा हिशेब सॉफ्टवेअर चोख करते. तक्त्यातल्या आकड्यांचा अर्थ मात्र त्याला ठाऊक नसतो. १२,००० लोकसंख्येचा बहुभुज दोन तुकड्यांत कापला तर सामान्यतः दोन्ही तुकड्यांच्या ओळींत १२,००० हाच आकडा उतरतो आणि एकूण लोकसंख्या २४,००० होते.

यासाठी गुणधर्मांचे दोन वर्ग मनाशी पक्के हवेत. लोकसंख्या, एकूण उत्पादन, झाडांची संख्या ही मूल्ये विस्तारावर अवलंबून असतात. तुकडे केले की ती वाटली जातात आणि एकत्र आणली की त्यांची बेरीज होते. घनता, तापमान, टक्केवारी ही मूल्ये तुकड्यांत सहसा तशीच राहतात आणि त्यांची बेरीज निरर्थक असते. त्यांची साधी सरासरीही फसवते. १० चौरस किलोमीटरच्या भागाची घनता दर चौरस किलोमीटरला १,००० माणसे आहे आणि ९० चौरस किलोमीटरच्या भागाची १०० आहे असे समजू. दोन्ही भाग विरघळवून एक केले आणि घनतेची साधी सरासरी घेतली तर उत्तर ५५० येते. प्रत्यक्षात १९,००० माणसे १०० चौरस किलोमीटरमध्ये राहतात, म्हणजे घनता १९० आहे. म्हणून विलीनीकरणात गुणोत्तरे पुढे न नेता त्यांचे अंश आणि छेद वेगवेगळे न्यावेत आणि भागाकार शेवटी करावा.

कापलेल्या तुकड्यांना क्षेत्रफळाच्या प्रमाणात लोकसंख्या वाटून देण्याची पद्धत प्रचलित आहे. माणसे सगळीकडे सारखी पसरली आहेत असे ती गृहीत धरते. एका तुकड्यात तलाव किंवा जंगल असेल तर ते गृहीतक कोसळते. अशा वेळी भूवापराचा थर आधाराला घेऊन वस्ती असलेल्या भागातच आकडे वाटले जातात. एस्रीच्या जिओडेटाबेस या साठवण-स्वरूपात रकान्याला डोमेन, म्हणजे त्यातल्या मूल्यांचे नियम, जोडून घटक कापताना मूल्य तसेच ठेवायचे की क्षेत्राच्या प्रमाणात वाटायचे, आणि एकत्र करताना बेरीज घ्यायची की भारित सरासरी, हे आधीच ठरवून ठेवता येते. ही सोय फार कमी वापरली जाते, याचे वाईट वाटते. डोमेनचा अधिक परिचित उपयोग नोंदी तपासण्यासाठी होतो : ठरलेल्या यादीबाहेरचा प्रकार किंवा मर्यादेबाहेरची संख्या त्यामुळे पकडली जाते.

क्षेत्रफळ आणि लांबीचे रकानेही असेच दगा देतात. जिओडेटाबेस आपले स्वतःचे क्षेत्रफळ आपोआप अद्ययावत करतो, पण शेपफाइलमध्ये एकदा काढून लिहिलेला आकडा आकार बदलल्यावरही जुनाच राहतो. मोजमाप कोणत्या प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या कोणत्या पद्धतीत, घेतले हेही सोबत नोंदवावे. अक्षांश-रेखांशांवर थेट काढलेले क्षेत्रफळ चौरस अंशांत येते आणि ते कोणत्याच कामाचे नसते.

शोध आणि इतिहास : मोठ्या तक्त्यांत शोध वेगाने व्हावा म्हणून इंडेक्स, म्हणजे शोधसूची, तयार करतात. साध्या रकान्यांसाठी बहुधा बी-ट्री ही झाडासारखी फांद्या फुटणारी रचना, तर आकारांसाठी अँटोनिन गटमन यांनी १९८४ साली मांडलेली आर-ट्री वापरतात. ती प्रत्येक आकाराभोवतीचा आयत आधी तपासून बहुतांश आकार झटपट बाजूला काढते, आणि नेमकी भौमितिक तुलना उरलेल्यांपुरतीच करावी लागते.

सीमा बदलतात, घटक फुटतात, नावे बदलतात. जुनी ओळ पुसून नवी लिहिली तर गेल्या दशकातले आकडे जोडायला आकारच उरत नाही. म्हणून प्रत्येक ओळीला ‘पासून वैध’ आणि ‘पर्यंत वैध’ असे तारखांचे दोन रकाने देतात, बदल झाल्यावर जुनी ओळ बंद करतात आणि नवी ओळ नव्या संकेतांकाने सुरू करतात. कोणत्या जुन्या घटकातून कोणते नवे घटक निघाले हे वेगळ्या तक्त्यात लिहून ठेवले, की वेगवेगळ्या वर्षांच्या आकड्यांची तुलना करता येते.