सहारातली जवारी

एक पत्र्याचा डबा, एक काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार. इब्राहिम अग अल्हाबिबची पहिली गिटार एवढ्यावर झाली. सहारातल्या तुआरेग लोकांच्या 1963 च्या बंडाच्या काळात मालीमध्ये त्याच्या वडिलांना मारलं गेलं, घर सुटलं, लहानपण अल्जीरियात निर्वासितांमध्ये गेलं. गिटार त्याने पाहिली होती ती एका काउबॉयच्या सिनेमात. पुढे 1979 मध्ये अल्जीरियातल्याच तामानरासेत शहरात त्याच्या भोवती जमलेल्या तरुण तुआरेग पोरांमधून ‘तिनारिवेन’ हा गट उभा राहिला आणि 2012 मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. नायजर देशातल्या एमदू मोक्तारची गोष्ट बरीच नंतरची, पण त्यानेही पहिली गिटार लाकूड आणि ब्रेकच्या तारा जोडूनच बनवली.

आता याच संगीताची प्रायोगिक ‘नॉइझ’शी जुगलबंदी होते. मंचाच्या एका बाजूला डोक्यावर तागेलमुस्त, म्हणजे तुआरेग पुरुषांचा फेटा, गुंडाळलेला गिटारवादक. दुसऱ्या बाजूला टेबलावर वायरींचं जाळं आणि खटक्यांच्या पेट्या मांडून बसलेला, सुरांऐवजी खरखर, घरघर आणि किंचाळी वाजवणारा कलाकार. एवढ्या सुंदर वाळवंटी गाण्यावर गोंगाट कशाला ओतायचा, असं ऐकणाऱ्याला वाटू शकतं. मला मात्र वाटतं, ही खरखर पाहुणी नाहीच. पहिल्या डब्यापासून ती त्या घरातली आहे.

डब्याचा पत्रा तारेचा सूर नुसता मोठा करत नाही. त्याचे स्वतःचे कंप असतात, ते तारेच्या कंपांशी जुळत नाहीत, आणि सुराला एक झणझणीत कड येते. आपल्या गोंधळ्याचं तुणतुणं आठवा. त्याची ती किरकिर काढून टाकली, तर गोंधळात उरेल काय?

सूर आणि गोंगाट यांत भौतिकशास्त्र जो फरक करतं, तो साधा आहे. 110 हर्ट्झला लावलेली तार छेडली की 110 सोबत 220, 330, 440, 550 असे तिच्या पटीतले उपस्वरही निघतात. सगळे एका शिस्तीत, म्हणून कानाला तो एकच सूर वाटतो. उलट ज्याला ‘व्हाइट नॉइझ’ म्हणतात, त्यात सगळ्या वारंवारता सारख्याच जोराने आणि कसलीही शिस्त न पाळता हजर असतात. जुन्या टीव्हीवर चॅनेल नसताना येणारा ‘फस्स’ आवाज त्याच्या जवळचा. या दोन टोकांमध्ये मोठा मुलूख पसरलेला आहे, आणि तुआरेग संगीत त्याच मुलखात राहतं. धान्य कांडायच्या उखळावर बकरीचं कातडं ताणून बायका वाजवतात तो तेंदे. भोपळ्याच्या अर्ध्या कवचावर घोड्याच्या केसांची एकच तार लावून बायकाच वाजवतात तो इमझाद. त्याच्या परंपरेची नोंद 2013 मध्ये युनेस्कोच्या यादीत झाली. इमझादच्या गजाची घासही त्या सुराचाच भाग आहे. गिटार या दोघांच्या नंतर आली आणि दोघांचंही काही घेऊन आली.

मग गिटार विजेवर गेली. तार लोखंडाची, खाली चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं. तार हलली की वेटोळ्यात बारीक विद्युतप्रवाह उमटतो, शाळेत शिकलेलं विद्युत चुंबकीय प्रवर्तन ते हेच. हा प्रवाह ॲम्प्लिफायरला मोठा करायचा असतो, पण त्याची एक मर्यादा असते. मर्यादेपलीकडे रेटलं की लाटेचे सुळके कापले जातात आणि वर पठार उरतं. यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. गंमत अशी की सुळका कापल्याने काही कमी होत नाही, उलट भर पडते. एकाच वारंवारतेची साधी लाट वरून-खालून सारखी कापली, तर मुळात नव्हते असे तिप्पट, पाचपट, सातपट उपस्वर तयार होतात. 110 ला सा धरला, तर तिप्पट म्हणजे 330, वरच्या सप्तकातला पंचम. पाचपट म्हणजे 550, त्याच्याही वरचा गंधार.

तानपुऱ्याजवळ बसलेल्याला हा गंधार ओळखीचा वाटेल. नीट लागलेल्या तानपुऱ्यात कोणी न छेडता ऐकू येतो, तो स्वयंभू गंधार हाच. जुना नियम सांगतो की तार जिथे छेडली, तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू, म्हणजे न हलणारी जागा, असतो ते उपस्वर निघत नाहीत. तानपुरा हा नियम पाळत नाही, हे सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये दाखवून दिलं. कारण तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा पसरट, किंचित गोलसर माथा आणि त्यावरचा सुती दोरा. हलणारी तार या माथ्याला पुन्हा पुन्हा चाटून जाते आणि खालच्या कंपांतली ऊर्जा वरच्या उपस्वरांत जाते. मिरजेचे कारागीर कानसेने घासून, दोरा केसभर सरकवून जी जवारी काढतात, ती हीच. ॲम्प सुळके कापतो, घोडी तार अडवते. साधनं वेगळी, पण दोन्हीकडे लाटेचा मार्ग अडला म्हणूनच नवे सूर जन्मले.

डिस्टॉर्शन सगळ्याच संगीताला मानवत नाही. दोन सूर एकदम डिस्टॉर्शनमधून गेले की त्यांच्या बेरजा आणि वजाबाक्याही वाजू लागतात. 220 आणि 330 वाजवले तर वजाबाकी 110, बेरीज 550. दोन्ही त्याच कुटुंबातले, म्हणून आवाज भरदार होतो. चार-पाच सुरांचा गुंतागुंतीचा कॉर्ड घातला, तर बेरजा-वजाबाक्या एकमेकींवर आदळून चिखल होतो. तुआरेग गिटारीत कॉर्डांची ये-जा फार नसते. अंगठा खालची तार एकाच आधारस्वरावर धरून ठेवतो आणि बाकीची बोटं वर चाल विणतात. ही रचना जणू डिस्टॉर्शनसाठीच घडली आहे: कितीही रेटा, खालचा सा ढळत नाही. नॉइझची जोड इथे शोभते, ती मला वाटतं याच कारणाने.

पण शेजारी गोंगाटाची भिंत उभी असताना गिटार ऐकू कशी येते? याचं उत्तर कानात आहे. अंतर्कर्णातला गोगलगाईच्या शंखासारखा भाग वारंवारतांची वाटणी करतो: वरचे सूर एका टोकाला, खालचे दुसऱ्या. अमेरिकन शास्त्रज्ञ हार्वे फ्लेचर यांनी 1940 मध्ये मांडलं की एखाद्या सुराला झाकतो तो त्याच्या आसपासच्या पट्ट्यातला गोंगाटच. बाकीचा कितीही असला तरी त्याला फारसा धक्का लावत नाही. 1000 हर्ट्झच्या सुरासाठी हा पट्टा साधारण 160 हर्ट्झ रुंद असतो. 20,000 हर्ट्झपर्यंत पसरलेल्या व्हाइट नॉइझचा शंभरातला एक भागही त्यात बसत नाही. गिटारीने आपली ताकद मोजक्या वारंवारतांवर एकवटलेली असते, म्हणून ती भिंतीतून आरपार येते. तेंदेचा ठोका आणि टाळ्या वेगळ्या वाटेने सुटतात: त्यांची सुरुवातच इतकी टोकदार असते की कान तिथे आपोआप वळतो.

अर्थात हे कान शाबूत असतील तोवरच. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये मैफिलींच्या जागांसाठी 15 मिनिटांची सरासरी 100 डेसिबलपेक्षा वर जाऊ नये असं सांगितलं आहे. अंतर्कर्णातल्या केशपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. फोमचे बोळे घालून ऐका, जवारी तरीही ऐकू येते.

राहिला फीडबॅक. आवाज लाउडस्पीकरमधून निघतो, गिटारीची तार हलवतो, तारेचा प्रवाह पुन्हा ॲम्पमध्ये जातो, आणि चक्र सुरू होतं. डेन्मार्कचे भौतिकशास्त्रज्ञ सोरेन लार्सेन यांच्या नावाने तो ओळखला जातो. आवाजाला एक मीटर जायला सुमारे 3 मिलिसेकंद लागतात, त्यामुळे वादक अर्धं पाऊल सरकला तरी परतणारी लाट वेगळ्या वेळी पोचते आणि तारेचा वेगळाच उपस्वर जागा होतो. गिटारवादक स्पीकरसमोर हळूहळू झुलताना दिसतो, तेव्हा तो अंगाने सूर शोधत असतो.

नॉइझवाल्यालाही हाच शोध उलट्या बाजूने घेता येतो. व्हाइट नॉइझ फिल्टरमधून सोडायचा आणि फिल्टरची फट अरुंद करत न्यायची. आधी वारा, मग शीळ, मग थरथरता सूर. ही फट गिटारीच्या आधारस्वराच्या दुपटीवर, समजा 220 वर आणून थांबवली, तर समोरच्या 110 च्या तारेचा दुपटीचा उपस्वर सतारीतल्या तरफेच्या तारेसारखा कंप पावू लागतो. वादकाने हात खाली सोडलेला असतो, आणि तार वाजत असते.