नव्या घरात एसी आणि हीटिंग सुधारायचंय? प्लॅस्टर व्हायच्या आधी आम्हाला बोलवा

"घर नवीन आहे, बिल्डरने दिलेली एसीची सोय अपुरी पडतेय. चांगली करून घ्यायला किती खर्च येईल?" हा प्रश्न आम्हाला सतत विचारला जातो. फोनवर आम्ही आकडा सांगत नाही, म्हणून काहीजण नाराज होतात. त्यामागचं कारण आणि खर्च वाचवायचा मार्ग, दोन्ही इथे लिहितो आहोत.

मशीनची किंमत तुम्हाला कुठेही कळेल. पण तेच मशीन एकाच मापाच्या दोन घरांत बसवलं तरी बिलं वेगळी होतात. भिंतीला झिरी मारणं, पाइप आणि वायर नेणं, पुन्हा बुजवून रंग देणं, यात पैसे जातात. त्यामुळे आमचा पहिला प्रश्न एकच असतो: काम कुठवर आलंय?

विटांच्या भिंती उभ्या आहेत, वायरिंगच्या नळ्या टाकणं चालू आहे, प्लॅस्टर बाकी आहे, ही बोलवायची खरी वेळ. बहुतेक फोन मात्र फॉल्स सीलिंग होऊन, कपाटं बसून, रंगाचा शेवटचा हात मारून झाला की येतात. मग एका दिवसाच्या कामाला आठवडा लागतो आणि सुताराला, रंगाऱ्याला पुन्हा बोलवावं लागतं.

सगळ्यात जास्त त्रास ड्रेन पाइपचा, म्हणजे एसीतलं पाणी बाहेर नेणाऱ्या नळीचा होतो. गॅसचा कॉपर पाइप वर-खाली वळवून नेता येतो. पाण्याला मात्र उतारच लागतो, मीटरला निदान एक सेंटिमीटर. दमट हवेत दीड टनाचं मशीन तासाला लिटरभर पाणी सहज काढतं. एका घरात बेडरूमच्या कपाटामागची भिंत ओली होत होती. मालकांना वाटलं, गॅस गळतोय. गॅस पुरेपूर होता. झिरी उघडून लेव्हल पट्टी लावली तर ड्रेन मधोमध खाली झुकून पुढे वर चढलेला. त्या पोटात पाणी साचायचं आणि सांध्यातून झिरपायचं. कपाटाच्या पाठीचा प्लायवूड बोटाने दाबला तर आत जात होता. प्लॅस्टरआधी हे पाच मिनिटांत दिसलं असतं. म्हणून आम्ही भिंत बंद करण्याआधी ड्रेनमध्ये बादलीभर पाणी ओततो, तेही तुमच्यासमोर.

बिल्डरने आधीच पाइप टाकले असतील तर ते वापरता येतात का, हे तपासूनच सांगता येतं. एक-दीड टनाला बहुधा दोन सूत आणि चार सूत जाडीचे पाइप असतात (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). दोन टनाच्या अनेक मशीनना जाड नळी पाच सूत लागते. भिंतीत चार सूतच असेल, तर मोठं मशीन घेणं म्हणजे भिंत पुन्हा फोडणं.

आणि मोठं मशीन खरंच हवं का? एक टन म्हणजे तासाला 12,000 बीटीयू, साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढायची ताकद. खोलीला किती लागेल हे नुसत्या चौरस फुटांवर ठरत नाही. पश्चिमेची मोठी काच, वर तापणारा स्लॅब, खोलीत बसणारी माणसं (शांत बसलेला एक माणूसही सुमारे 100 वॅट उष्णता देतो), सगळं मोजावं लागतं. गरजेपेक्षा मोठं मशीन खोली पटकन गार करून मंदावतं किंवा थांबतं, हवेतला ओलावा तसाच राहतो आणि अंग चिकट वाटतं. स्लॅबवर इन्सुलेशन आणि खिडकीला बाहेरून सावली केली, की लहान मशीन पुरतं, असं आम्ही बऱ्याच घरांत पाहिलंय. लहान मशीन विकून आम्हाला कमी मिळतं, तरी सल्ला हाच देतो. असे ग्राहक पुढच्या घरालाही आम्हालाच बोलावतात.

थंडीसाठी वेगळे कॉइलचे हीटर घेण्याआधी उलट्या चक्राने चालणारा, म्हणजे गरम-गार दोन्ही करणारा एसी जरूर पाहा. कॉइलचा हीटर एक युनिट विजेची एक युनिटच उष्णता देतो. हे मशीन बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतं, त्यामुळे सौम्य थंडीत तीनपट किंवा जास्तही देतं. कडाक्याच्या थंडीत हे प्रमाण घटतं, म्हणून मॉडेल तुमचं हवामान पाहून निवडावं लागतं.

आमचं काम इतरांपेक्षा थोडं महाग आणि हळू वाटतं, हे ठाऊक आहे. जोडणी झाल्यावर गळती तपासायला आम्ही नायट्रोजन भरून पाइप 24 तास दाबाखाली ठेवतो आणि नंतर पंपाने 500 मायक्रॉनपर्यंत (हे व्हॅक्युम मोजायचं माप) व्हॅक्युम काढतो. पाइपात हवा आणि ओलावा राहिला तर कॉम्प्रेसर अकाली जातो. ही दोन कामं गाळली तर त्या दिवशी कुणालाच काही दिसत नाही, म्हणून ती सर्रास गाळली जातात.

पाहणीचे पैसे आम्ही घेतो, कारण प्रत्येक खोलीचा हिशेब लिहून देतो. काम आम्हाला दिलंत तर ती रक्कम बिलातून वजा होते. न दिलंत तरी तो कागद तुमचाच, दुसऱ्या कुणाकडून काम करून घेताना खुशाल वापरा.

बोलावण्याआधी घराचा नकाशा, मंजूर वीजभार आणि प्लॅस्टरआधीचे भिंतींचे फोटो काढून ठेवा. फोटोत टेप धरा, म्हणजे कुठली नळी कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे ते कळेल. बाहेरचं युनिट कुठे ठेवायचंय तेही सांगा. तिथे गरम हवा मोकळी जायला आणि सर्व्हिसला माणूस उभा राहायला जागा हवी.